घाईघाईत मोठे झालेले बेडूक

“बाई, शेपटी गेल्यावर बेडकाला बसायला बरं वाटत असेल का?”

प्रश्न विचारून भोंगा खाली बसली आणि वर्गात अशी शांतता पसरली की मागच्या बाकावर कुणीतरी चोरून उघडलेल्या डब्याचं झाकणसुद्धा सगळ्यांना ऐकू गेलं. पैज जिराफ आणि रेडिओ या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी लावली होती. जीवशास्त्राच्या बाईंना हे विचारून दाखव, तेही चेहरा सरळ ठेवून, म्हणजे आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू. गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणताना लाजून अर्धा शब्द गिळायची आणि सगळे तिला ‘म्यूट’ म्हणायचे. मग शाळेच्या नाटकात राक्षस ऐनवेळी आजारी पडला, त्याच्या आवाजासाठी हिला पडद्यामागे उभं केलं, आणि त्या संध्याकाळी प्रेक्षकांना, मुख्याध्यापकांना आणि खुद्द तिला तिच्या घशात काय दडलंय ते समजलं. तेव्हापासून ती भोंगा. नाव तिला भलतंच आवडायचं.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या हसणाऱ्यांतल्या नव्हत्या, रागावणाऱ्यांतल्याही नव्हत्या. मुलांना जेरीस आणायची त्यांची पद्धत वेगळी होती: त्या प्रत्येक प्रश्न मनावर घ्यायच्या. बेडूकमाशाची शेपटी गळून पडत नाही, शरीर ती आतल्या आत जिरवून टाकतं, एवढं त्यांनी सांगितलं. बसायला बरं वाटतं का, हे मात्र मला माहीत नाही, म्हणाल्या, तेव्हा तूच बघ आणि सांग. आणि ज्या दोघी मघापासून वहीत तोंड खुपसून हसतायत त्यांनीही बघावं.

त्याच दुपारी शाळेमागच्या डबक्यातून बाईंनी अंड्यांचा एक बुळबुळीत गोळा काढला आणि त्याचे तीन भाग करून तिघींच्या डब्यांत घातले. एकाच बेडकीची अंडी, डबक्याचंच पाणी, खायला सगळ्यांना तोच उकडलेला पाला. दर सोमवारी एक पिल्लू शाळेत आणायचं, मापायचं, परत न्यायचं. जे काही निघेल ते शाळेच्या प्रदर्शनात मांडायचं. जिराफ आणि रेडिओनं घरी जाताना भोंगाचं दप्तर उचललं खरं, पण रस्ताभर तिचा उद्धार केला.

घरी जागेचा प्रश्न आला. भोंगाचे बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. दुकानात फ्रेमी मांडायची एक जुनी काचेची पेटी अडगळीत पडली होती, ती त्यांनी आणली, सांध्यांना चिकटद्रव्य भरलं, आणि रात्रभर पाणी ठेवून एक थेंब गळत नाही हे बोटानं तपासलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कायम रुसलेलं झाड कुंडीत उभं होतं. भोंगानं त्याला बाल्कनीत हाकललं आणि त्या जागी पेटी ठेवली. घरातली उजेडाची तेवढी एकच जागा होती.

आईनं पेटीकडे पाहून नाक मुरडलं, पण तिच्यात भांडायचं बळ नव्हतं. हीच तर घरातली चिंता होती.

आईचं औषधांचं दुकान होतं आणि आख्ख्या वस्तीत तिचा दरारा होता. डॉक्टरांचं ऐकलं नाही तर एकवेळ खपायचं, आईचं नाही. ती काउंटरमागून गिऱ्हाइकाकडून धडा म्हणून घ्यायची. गोळी कधी? जेवणानंतर. किती दिवस? पाच. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तर? तरी पाच. मोठमोठे मिशीवाले लोक तिच्यासमोर दुसरीतल्या मुलांसारखे उत्तरं द्यायचे, आणि अर्धवट सोडलेल्या औषधाची पट्टी ज्याच्या घरी असेल तो दुकानासमोरून न जाता पलीकडच्या गल्लीतून वळसा घालून जायचा.

अशा या बाईला स्वतःला गोळी गिळता येत नव्हती. ती तिच्या घशात अडकायची, मग खोकला, मग डोळ्यांत पाणी. ही गोष्ट घराच्या चार भिंतींबाहेर गेलेली नव्हती. त्यामुळे काही महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला थायरॉइडची गोळी लिहून दिली, रोज सकाळी उठल्याउठल्या, आणि बहुधा जन्मभर, तेव्हा तो भार बाबांनी उचलला. ते दोन चमच्यांमध्ये गोळी धरून तिची अशी पूड करायचे जणू एखाद्या भिंगाला शेवटची झळाळी देतायत. मग पूड पेल्यात, वर थोडं पाणी, एकदा ढवळायचं, पेला खिडकीशी ठेवायचा आणि दाढी करायला निघून जायचं. गोळीनंतर अर्धा तास चहा घ्यायचा नाही, ही डॉक्टरांची अट होती. आईला चहा मिळेपर्यंत जग सुरूच व्हायचं नाही, तरी ती मुकाट कबूल झाली.

आणि तरीही तिला बरं वाटत नव्हतं. उकाड्यात ती स्वेटर घालायची. दुपारी काउंटरवर हनुवटी टेकवून पेंगायची. केस कंगव्यात यायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या, गोळी वाढवली. पुन्हा तपासलं, पुन्हा वाढवली. मागच्या आठवड्यात तर तिनं एका आजोबांच्या हातात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीऐवजी शेजारच्या कप्प्यातली भलतीच पट्टी दिली. आजोबांना तिनंच पट्टीवरचं नाव वाचायची सवय लावली होती म्हणून बरं, त्यांनी ती परत केली. त्या दिवशी घरी आल्यावर आई खूप वेळ चपला न काढता नुसती बसून राहिली होती. बाबांनी काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते गोळी आणखी बारीक कुटू लागले.

इकडे पेटीत मात्र नवलच घडत होतं.

भोंगाची पिल्लं अंड्यांतून निघाली ती जणू गाडी चुकतेय अशा घाईत. जिराफची आणि रेडिओची पिल्लं पाला चरत आरामात गोल होत होती, तेवढ्यात भोंगाच्या पिल्लांना मागचे पाय फुटले. सोमवारी शाळेत तिघींचे डबे शेजारी ठेवले तर भोंगाच्या डब्यातलं पिल्लू बाकीच्यांच्या निम्मंही नव्हतं, पण पाय मारत होतं. पुढच्या सोमवारी पुढचे पायही आले. भोंगाला याचं कारण लगेच समजलं: संस्कार. ती रोज शाळेतून आल्यावर पेटीसमोर उभी राहून पिल्लांना भाषण द्यायची, आत्मविश्वास, वेळेचं महत्त्व, कालपर्यंत मीही शेपटी ओढतच हिंडत होते वगैरे. जिराफला तिनं सांगितलं की तुझ्या पिल्लांना कुणी काही बोलतच नाही, मग ती कशाला मोठी होतील. जिराफनं त्या संध्याकाळी खरंच पिल्लांना भूगोलाचा धडा वाचून दाखवला. पिल्लांवर ढिम्म परिणाम झाला नाही, पण तिला घटक चाचणीत पैकीच्या पैकी मिळाले.

मग शेपट्या आखडल्या आणि बेडूक बाहेर आले. बेडूक कसले, माशीएवढे ठिपके. एक बाबांच्या चष्म्याच्या घरात सापडला. एक आईच्या स्वेटरच्या बाहीवर बसून दुकानापर्यंत गेला आणि खोकल्याच्या औषधाच्या रांगेत गोंधळ घालून आला. भोंगा खूश होती, पण तीनच दिवस. कारण पेटीतले ठिपके एकेक करून निपचित पडायला लागले. तिनं खिडकीत पिकलेलं केळं ठेवलं, त्यावर चिलटं जमवली, पण यांची तोंडं इतकी लहान की चिलट समोर आलं तरी ते नुसते बघत राहायचे. तिनं मेलेल्यांना चमच्यानं उचललं आणि कुणाला न सांगता बाल्कनीतल्या कुंडीत पुरलं. त्या दिवशी भाषण झालं नाही.

उरलेले चार जिवंत बेडूक घेऊन ती सोमवारी शाळेत गेली. बाईंनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं, मग भिंग खाली ठेवलं.

“ही माझी अंडी नाहीत. हे दुसरे बेडूक आहेत. कुठून उचललेस?”

भोंगानं डबा स्वतःकडे ओढला. जिराफ आणि रेडिओ छताकडे बघत होत्या, आणि सगळ्यांत जास्त तेच लागलं तिला. तिनं सांगितलं की अंडी तीच, पाणी तेच, पाला तोच. बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या की प्रदर्शनात पेटी मांडायची तर हे कसं झालं ते सांगावं लागेल, नाहीतर पेटी मांडता येणार नाही, मला तुझ्यावर विश्वास ठेवायला आवडेल पण आवडण्यावर शास्त्र चालत नाही. मग तिचा पडलेला चेहरा बघून की काय, त्यांनी फळ्यावर एक बेडूकमासा काढला आणि त्याच्या गळ्यात एक टिंब दिलं. ही ग्रंथी, म्हणाल्या. ही थेंबाचाही थेंब असेल एवढं संप्रेरक सोडते आणि मगच पाय फुटतात, शेपटी जिरते. आधी पोटभर वाढायचं, मग ग्रंथीनं हाक मारली की बदलायचं, असा क्रम असतो. पण तेच संप्रेरक बाहेरून, पाण्यातून, अगदी कणभर जरी मिळालं तरी शरीर फसतं. त्याला वाटतं वेळ झाली. वाढ बाजूला राहते आणि पिल्लू अर्धवट वयात बेडूक होऊन बसतं. मोठ्या प्राण्याला जे पुरत नाही, ते पिल्लाला उलथंपालथं करायला रग्गड होतं.

“तुझ्या पाण्यात काही पडतं का? औषध वगैरे?”

भोंगाचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. गळ्यातली ग्रंथी. आईच्या रिपोर्टवर हेच चित्र होतं.

घरी जाईपर्यंत तिनं गुन्हेगार ठरवूनही टाकला होता. बाबा. पूड लागलेले चमचे ते पेटीत विसळत असणार, पाणी वाया घालवायचं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी उठली आणि तोंडात दात घासायचा ब्रश धरून फ्रिजच्या मागे उभी राहिली. बाबा आले, गोळी कुटली, पेला भरला, खिडकीशी ठेवला. चमचे त्यांनी सिंकमध्ये धुतले, पुसले, जागच्या जागी ठेवले आणि गुणगुणत दाढीला गेले. इतका निर्दोष माणूस भोंगानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

मग आई आली. स्वेटरमध्ये हात खुपसून, डोळे अर्धे मिटलेले. तिनं बाथरूमच्या दाराकडे कान दिला. पेला उचलला. पेटीचं झाकण बोटानं सराईतपणे सरकवलं आणि सगळा पेला आत ओतला.

“घ्या गं बायांनो,” ती पुटपुटली आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

भोंगाच्या तोंडातून ब्रश गळून पडला.

आईनं आधी, तू कधी उठलीस, हे विचारलं. मग, फ्रिजच्या मागे किती धूळ आहे, हे विचारलं. मग तिला कळलं की पळवाट नाही, आणि ती स्टुलावर बसली. भोंगानं कुजबुजत, पण भोंग्याच्या मानानं कुजबुजत, म्हणजे शेजाऱ्यांना अर्धं ऐकू जाईल असं विचारलं की किती दिवस चाललंय.

पहिल्यापासून, आई म्हणाली. सुरुवातीला दोन दिवस घेतलं. पण चहाशिवाय तो अर्धा तास संपतच नव्हता. एकदा म्हटलं आज राहू दे, उद्या घेऊ. सिंकमध्ये ओतलं असतं तर पांढरे ओघळ दिसले असते, म्हणून कुंडीत ओतलं. मग रोजच कुंडीत. मग तू कुंडी हलवलीस आणि तिथे पेटी आली, तर हात आपोआप तिकडेच गेला.

“अगं, एवढीशी गोळी, एवढं पाणी,” आई म्हणाली. “मला वाटलं त्यांना काय कळणार आहे.”

“त्यांनाच कळलं, आई. तुला नाही कळलं.”

आईनं स्वेटरची बाही ओढून घेतली. मग हळूच म्हणाली की नुसता चहा नव्हता गं. जन्मभर, असं डॉक्टर म्हणाले ना, ते घशात अडकलं. मी रोज शंभर लोकांना औषध देते, त्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं. एक दिवस नाही घेतलं आणि काही झालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी नाही घेतलं. आणि आता कुठल्या तोंडानं सांगू? डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला, मी मान डोलावली. वस्तीला कळलं तर लोक हसतील. तू बाईंना काहीतरी दुसरं सांग ना. पाणी बदललं, म्हणावं.

भोंगाला एक क्षण वाटलं, हो म्हणावं. आईनं तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. पण मग तिला त्या आजोबांची गोळी आठवली आणि चपला न काढता बसलेली आई. ती म्हणाली की बाबांना तू सांग. आज रात्रीच्या जेवणाला. मी सांगितलं तर आख्ख्या इमारतीला कळेल, माझा आवाज तुला माहीत आहे.

रात्री तिघं जेवायला बसले. आईनं तीनदा पाणी वाढलं, जे कुणालाच नको होतं. मग तिनं असं सुरू केलं की दुकानात एक बाई येते.

बरं, म्हणाले बाबा.

तिला रोजची गोळी दिलीय, पण ती घेत नाही. नवऱ्याला वाटतं घेते. रोज टाकून देते.

बाबांनी घास खाली ठेवला. अशा बाबतीत ते आईच्या बाजूनं उभे राहायचे, तो त्यांचा पतिधर्म होता. ते म्हणाले की काय बाई म्हणायची, तू तिला चांगली फैलावर घे. नवऱ्याचा तरी विचार करावा माणसानं. बिचारा काय करत असेल तो.

“भिंगं घासतो,” आई म्हणाली.

बाबांना समजायला वेळ लागला. आधी त्यांनी भुवया उंचावल्या, आपल्याच धंद्यातला माणूस निघाला म्हणून. मग त्यांनी आईकडे पाहिलं, मग खिडकीतल्या पेटीकडे, मग आपल्या दोन हातांकडे. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“म्हणजे मी इतके महिने बेडकांसाठी कुटत होतो?”

आईला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. बाबा उठून तिच्या शेजारी जाऊन बसले आणि स्वेटरवरून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. अगं सांगायचंस ना, ते म्हणत होते, मला सांगायचंस. आई म्हणाली, तुम्ही इतकं मन लावून कुटत होतात, सांगवेना. आता उद्यापासून घेते म्हणाली, नक्की घेते, आहे ती वाढवलेली गोळीच घेते. आणि मग तिच्यातली दुकानदार जागी झाली आणि तिनंच स्वतःला अडवलं: नाही, अशी एकदम वाढवलेली घेता येणार नाही, छातीत धडधडेल, डॉक्टरांना खरं सांगून पुन्हा लहान डोसापासून सुरू करावं लागेल. म्हणजे डॉक्टरांना सांगावं लागेल. तिचा आवाज पुन्हा बारीक झाला. या आठवड्यात दुकानात माल यायचाय, ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात बघू. बाबा म्हणाले, हो हो, तुला जमेल तसं.

भोंगानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. घरातली दोन मोठी माणसं, एक सांगायला घाबरणारं आणि एक विचारायला. ती खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. हात धुतलेला नव्हता, पण घसा साफ होता.

“ऐका. मी ठरवलंय,” ती म्हणाली, आणि खालच्या मजल्यावरचा टीव्ही कुणीतरी बारीक केला. “उद्या सकाळी मी पहिले दोन तास बुडवणार आणि आईबरोबर डॉक्टरांकडे जाणार. आई, आधी तुला बोलायची संधी. तू मालाबिलाचं सांगायला लागलीस की मी सुरू होणार, आणि बाहेर बसलेल्या पेशंटनाही ऐकू जाईल. तिथून मी शाळेत जाणार आणि बाईंना सांगणार की बेडूक आमचेच आहेत आणि औषधही आमच्याच घरातलं आहे. प्रदर्शनातही तेच सांगणार. कुणाचं औषध ते तू सांगितलंस तर चांगलं, नाही सांगितलंस तर मी नाव घेणार नाही, पण खोटंही बोलणार नाही. आणि बाबा, उद्यापासून आईचा अर्धा तास संपेपर्यंत या घरात कुणालाच चहा मिळणार नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही. आधण मी ठेवणार.”